कागद गड्यांचा, शिल्लक बायकांची

आमच्या गावापासून सुपं दोन कोसांवर. तिथल्या बुधवारच्या बाजारात शेळ्या विकून मीठ-मिरची घेऊन आलेली माणसं आमच्याकडं घरोघर सापडतील. पण १२ मे १८७५ ला, असाच बुधवार असताना, त्याच पेठेत काय घडलं हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळी होत्या, त्या आम्ही पाठ केल्या आणि विसरलो. आपल्याच बाजारातली गोष्ट आहे ही, असं कुणी मास्तर बोलला नाही.

त्या दिवशी बाजाराला आलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर धाड घातली. माल गेला, कापड गेलं, धान्य गेलं. पण खरी मागणी होती कागदाची. खतं बाहेर काढा, वह्या बाहेर काढा. कागद हातात आला की त्याची होळी. माणसांना मारहाण त्या मानानं फारच थोडी झाली. पुढं शिरूर, इंदापूर, नगर जिल्हा असं ते लोण पसरलं, तिथंही तीच रीत. त्याच्या आधी, १८७४ च्या अखेरीला, शिरूर तालुक्यातल्या करड्याच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला होता.

कागदावर एवढा राग का? १८५९ साली सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जाचं खत तीन वर्षांपुरतंच चालेल, मग कोर्ट ते धरणार नाही. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा, जुनं मुद्दल अधिक व्याज हेच नवं मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. अंगठा उठवणाऱ्याला आत काय लिहिलंय ते कळत नव्हतं. मधल्या काळात, १८६१ ते ६५, अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार उधार द्यायला दारात यायला लागले. लढाई संपली, भाव कोसळला, उधारी तेवढी राहिली. त्यावर १८६७ पासून सरकारनं सारा वाढवला. मग १८७५. त्यातनं १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, आणि खतात लिहिलंय तेवढ्यावर न जाता कोर्टानं मागचा खरा व्यवहार तपासायचा.

हे पुस्तकांत सापडतं. पण हा झाला कर्जाचा इतिहास, म्हणजे गड्यांचा. घराच्या पैशाची दुसरी बाजू म्हणजे शिल्लक. ती कुठल्या अहवालात सापडत नाही, कारण ती बायकांच्या हातात होती आणि त्या लिहीत नव्हत्या. मला त्या बाजूचं थोडं मांडायचं आहे, माझ्या घरावरनं.

आमच्या घरातली पहिली शिल्लक म्हणजे ज्वारी. सुगी झाली की वर्षाचं धान्य कणगीत, वरनं शेणानं लिंपून, आत लिंबाचा पाला. त्याहून जास्त झालं तर पेवात. पेव म्हणजे जमिनीखालची खोल खोली, तोंड माणूस उतरेल एवढंच. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. विझला तर आत हवा नाही, थांबायचं. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास असतो, भाकरीला तो येतोच, पण दुष्काळात तोच वास गोड लागायचा. पेव कधी उघडायचं ते माझी आजी ठरवायची. आजोबा मालक, पण कणगीच्या तोंडाचं लिंपण आजीच्या हाताचं, ते फोडायचं तर तिला विचारून. धान्य संपलं तर शेजारून वाढीदिढीनं आणावं लागे. एक मण आणलं तर सुगीला दीड मण द्यायचं. सहा महिन्यांत पन्नास टक्के. आज कुठली बँक एवढं व्याज लावेल? म्हणून आजी ज्वारी मापताना ओंजळभर मागं ओतायची. पाहुणे आले तरी.

दुसरी शिल्लक चालतीबोलती. कोंबड्या, शेळी. अंड्यांचा पैसा आजीच्या चंचीत, सुपारीच्या खांडाखाली. शेळी विकली तर त्यातनं लेकीचं लुगडं. हा पैसा आजोबा मोजत नसत. त्यांच्या लेखी तो पैसाच नव्हता.

तिसरी शिल्लक सोनं, आणि त्यावरनंच ही सगळी हकिगत सुरू होते. १९२९ नंतर जगभर मंदी आली, धान्याचे भाव पार बसले. आजोबांनी त्या वर्षांत चार एकर रान तीनशे रुपयांना मुदत खरेदीनं लिहून दिलं. मुदत खरेदी म्हणजे कागदावर विक्री, बोलीवर गहाण. ठरलेल्या मुदतीत पैसे दिले तर रान परत, नाही दिले तर गेलं. कसायचं आपणच, निम्मं पीक सावकाराच्या घरी. दहा-बारा वर्षं असं चाललं. समोरचा माणूस मुदत वाढवून देत गेला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. आमच्या आजोबांनी त्याला कधी वाईट म्हटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात भाव चढले तेव्हा बाजरीचे थोडे पैसे हातात आले, पण तीनशे भरेनात. तेव्हा आजीनं माहेरची पुतळ्यांची माळ काढून दिली. पाच तोळ्यांची. सोनं त्या वेळी पन्नास-साठ रुपये तोळा. माळ बारामतीला सोनाराकडं गेली आणि चार एकर घरी आलं. आज त्या रानावर आमची विहीर आहे, घर आहे, मी हे लिहीत बसलोय ती पडवीही त्यातच.

परतीचं खत झालं आजोबांच्या नावानं. तेव्हाची रीतच तशी, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आजोबा १९६१ ला गेले. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्याप्रमाणं विधवेला मुलांइतकाच वाटा. वारसनोंद झाली. माझे वडील आण्णा आणि चुलते तात्या यांची नावं सातबाऱ्याच्या डाव्या बाजूला, मालकाच्या रकान्यात. आजीचं आणि दोन्ही आत्यांचं नाव उजवीकडं, ‘इतर हक्क’ या रकान्यात. त्याच रकान्यात सोसायटीचा बोजा लिहितात, विहिरीची नोंद असते. ज्या बाईच्या माळेनं ते रान सुटलं ती बोजाच्या शेजारी बसली. आजीला हे कुणी वाचून दाखवलं नाही. मी दहावीला असताना, १९७६ ला, उताऱ्याची नक्कल आणायला गेलो तेव्हा पहिल्यांदा वाचलं. घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, “आरं, रान आपल्यात हाय न्हवं? मग रकाना कंचा का असंना.” मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

सोन्याची एक गंमत सांगायची राहिली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवीन दागिना चौदा कॅरटच्या वरचा करायचा नाही. कितीतरी सोनारांचा धंदा त्यात बसला. आमच्या थोरल्या आत्याच्या लेकीच्या लग्नात म्हणून नवं काही घडवलं नाही, आजीनं आपलं जुनं डोरलंच मोडून वाटलं. हे नियंत्रण १९९० ला उठलं. सरकारला वाटत होतं की सोनं म्हणजे मेलेला पैसा. अर्थशास्त्रात असेल तसं. पण बाईच्या नावावर दुसरं काही होऊच शकत नव्हतं, तेव्हा तिनं पैसा ठेवायचा कशात?

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा. मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं, सगळं बघितलंय. त्याच्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी एकच गोष्ट सांगतो. तळ्याच्या कामावर आईच्या नावाचा हजेरीपट होता आणि पगार तिच्या हातात मिळायचा. स्वतःच्या नावाचा कागद आणि त्यावर मिळालेला पैसा, हे आमच्या घरातल्या बाईला पहिल्यांदा घडलं. ती अंगठा करायची, पण त्या अंगठ्यानं काही जात नव्हतं, येत होतं. पुढं विठ्ठल सखाराम पागे यांच्या खटपटीतनं रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागायचा हक्क. आमच्या आईच्या दृष्टीनं ती विमा योजनाच होती, फक्त हप्ता घामाचा.

सहकाराचं नि बँकांचं थोडक्यात सांगतो. १९०४ ला सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, पण पन्नास वर्षांनी, १९५४ ला, रिझर्व्ह बँकेच्या पाहणीचा अहवाल आला तेव्हा खेड्यातल्या कर्जात सहकाराचा वाटा शेकडा तीन निघाला. बाकी सावकारच. त्यानंतर सोसायट्या वाढल्या. १९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारी झाल्या. हे सगळं चांगलंच झालं. तरी एक जुनी खोड नव्या अंगरख्यात शिल्लक राहिली. तिला आम्ही ‘नवं-जुनं’ म्हणतो. ३१ मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरायचं, म्हणजे व्याजात सवलत मिळते आणि नवं कर्ज निघतं. भरायला पैसे कुणाकडं असतात? मग कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांच्या बोलीवर उचलायचे, भरायचे, नवं कर्ज निघालं की त्याचे त्याला द्यायचे, वर त्याचं पान-सुपारी. १८५९ च्या कायद्यात दर तीन वर्षांनी खत बदलत होतं, आता दर वर्षी बदलतं.

बागायतात माझी सासुरवाडी. तिथं शिल्लक सक्तीची. कारखाना उसाच्या बिलातून टनामागं ठेव कापून घ्यायचा, काही परतीची, काही बिनपरतीची. बिनपरतीची ठेव हा शब्द ज्यानं काढला त्याला हात जोडावेत. सासरे मात्र म्हणायचे, कापून गेले म्हणून तरी राहिले, हातात आले असते तर जत्रेत गेले असते.

विम्याकडं येतो. १९ जानेवारी १९५६ ला चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरनं सांगितलं की आयुर्विमा सरकारनं ताब्यात घेतला, आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. दोन हातांत जपलेली ज्योत हे त्याचं चिन्ह आमच्या गावात शाळेतल्या गुरुजींच्या पिशवीवर आलं, कारण एजंटही तेच. आण्णांनी १९६७ ला पाच हजारांची पॉलिसी घेतली. आजीनं घर डोक्यावर घेतलं, मरणावर पैसा लावतोस का म्हणून. पाच हप्ते गेले आणि दुष्काळ आला, सहावा भरणं झालं नाही. तीन वर्षांवर हप्ते गेले होते म्हणून पॉलिसी बुडाली नाही, कमी रकमेवर चालू राहिली आणि मुदतीला तेवढे पैसे मिळाले.

या विम्यातली एक गोष्ट मला फार उशिरा, एका वकिलाकडून कळली, आणि ती प्रत्येक कर्जदार शेतकऱ्याला माहीत पाहिजे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा एक कायदा आहे, १८७४ चा. सुप्याच्या होळीच्या आदल्या वर्षीचा. नवऱ्यानं स्वतःच्या जिवावर बायको-पोरांसाठी म्हणून या कायद्याखाली पॉलिसी काढली तर ती रक्कम त्यांची. नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. हिंदू घरांना आपल्याकडं हे कलम १९२३ पासून लागू आहे. पॉलिसी घेतानाच वेगळा अर्ज जोडावा लागतो, नुसतं वारसाचं नाव घालून भागत नाही. म्हणजे सावकारापासून वाचवलेला पैसा बाईच्या नावानं ठेवायचा दरवाजा तेव्हापासून होता. आमच्यापर्यंत त्याची किल्ली कुणी आणली नाही.

गाईच्या विम्याचं सोपं असतं. कानात बिल्ला, बिल्ला असेल तर दावा, नाही तर नाही. गाय मेली तर आधी कान जपायचा, मग रडायचं. पिकाचा विमा तसा नाही. पुण्याच्या वि. म. दांडेकरांनी १९७० च्या दशकात मांडलं की एकेका शेताची नुकसानी मोजत बसणं शक्य नाही, सगळ्या भागाचं सरासरी उत्पन्न धरा. त्याच तत्त्वावर १९८५ ला कर्जदारांची योजना आली, १९९९ ला बिगरकर्जदारांनाही घेतलं, २०१६ ला पंतप्रधान पीक विमा. खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला पाच. २०२३ च्या खरिपात राज्यानं तो एक रुपयात केला आणि २०२५ ला पुन्हा पहिल्यासारखे हप्ते आले. दांडेकरांचा हिशोब मला कळतो, शेताशेताला माणूस कुठनं आणणार? पण हिशोब मंडळाचा आणि पाऊस शिवाराचा. ओढ्याच्या अलीकडं बाजरी जळते, पलीकडं कणीस लोंबतं, सरासरी बरी निघते, आमच्या हाती शून्य. आणखी एक. भरपाई मिळते ती उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी पिकलं तर, आणि उंबरठा ठरतो मागच्या सात वर्षांतल्या पिकावरनं. त्यातली दुष्काळाची दोन वर्षं वगळतात, हे खरं. पण आमच्या जिरायतात सातांत चार वर्षं वाईट. उंबरठा मुळातच इतका खाली की तो ओलांडायला पायरीच लागत नाही. स्थानिक आपत्ती असेल, गारपीट वगैरे, तर बहात्तर तासांत कळवायचं असतं. गारा पडल्यावर पहिले दोन दिवस माणूस रानातनं उठत नाही, हे तास ठरवणाऱ्यानं बघितलेलं नसावं.

आता पुन्हा बायकांकडं. आमच्या कारभारणीनं २००३ ला बचत गट धरला. महिन्याला तीस रुपये, आपसात कर्ज शेकडा दोन रुपये महिना. त्या व्याजाला गडी हसायचे. पण ते व्याज पुन्हा त्यांच्याच पेटीत पडत होतं. आमच्या थोरल्याच्या डिप्लोमाची पहिली फी त्या पेटीतनं गेली. त्याच सुमाराला शेजारगावची एक पतसंस्था बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त द्यायची. रस्त्यात जमीन गेलेल्या एका भावकीनं सगळी रक्कम तिथं ठेवली. संस्था बसली. तो आजही सुनावणीच्या तारखा सांगतो. ठेवीला विमा असतो, पण तो बँकेतल्या ठेवीला. १९६२ ला दीड हजारापासून सुरू झाला, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेला तो नाही. पाटी मोठी, फरशी गुळगुळीत, माणसाला फरक कळत नाही. गटाच्या बायकांनी आपला पैसा बँकेत का ठेवला विचारलं तर कारण साधं निघालं. पतसंस्थेतले सगळे संचालक त्यांचे दीर नि भावजी होते, कुणाची किती शिल्लक हे संध्याकाळी पारावर कळलं असतं.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि गावोगावच्या बायकांची शिल्लक एकदम उजेडात आली. माझी आई तेव्हा ऐंशीच्या घरात. तिनं मला आत बोलावलं, दार ओढून घेतलं आणि गोधडीच्या शिवणीतनं पाचशेच्या एकोणीस नोटा काढल्या. “तुझ्या बापाला ठावं नव्हतं,” म्हणाली. आण्णा जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. रांगेत उभं राहून ते पैसे तिच्या खात्यात भरले. तिला ते आवडलं नाही. खात्यातला पैसा सगळ्यांना दिसतो.

आण्णा गेले १९९० ला. त्या वेळी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची हाक गावोगाव ऐकू येत होती. घरच्या लक्ष्मीच्या नावावर रान करा, गावात शंभर घरांनी केलं तर जोशी स्वतः त्या गावात येणार. आमचं गाव शंभरावर गेलं नाही. पुढं १९९२ ला सरकारनंच आदेश काढला, नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहमालक म्हणून लागेल. मी अर्ज दिला. चावडीवर विचारलं, “घरात भांडान हाय का?” भांडण नव्हतं, आजीचा रकाना डोक्यात होता. दोन्ही बहिणींची नावंही डाव्या बाजूलाच घातली. भावकी म्हणाली हक्कसोड घे, पुढं डोक्याला ताप होईल. थोरल्या अक्काला विचारलं तर ती म्हणाली, “मला पीक नगं, वाटा बी नगं. पर इकायला काढशीला तवा मला इचारावं लागंल, तेवढ्यापुरतं ऱ्हाऊ दे.”

ती वेळ आता आली आहे. रस्त्याकडेचं दोन एकर एक जण मागतो आहे. भाव असा की आजोबांना ऐकून चक्कर आली असती. त्याला प्लॉट पाडायचे आहेत. थोरल्याचं म्हणणं, रान विकून पुण्याकडं फ्लॅट घ्यावा, थोडं कर्ज काढावं, भाडं येईल. त्यानं हिशोब चांगला मांडला आहे. घर बाईच्या एकटीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, २०२१ पासून. म्हणून फ्लॅट सुनेच्या नावावर. घरात बाईचं नाव कागदावर आपणहून यायचं कारण पहिल्यांदाच असं सापडलं.

चार सह्या लागतात, त्यांतल्या तीन बायकांच्या. माझी मी करायला तयार आहे, पण घाईही नाही. धाकट्या बहिणीनं सांगितलं, अक्का करील ते. अक्का येऊन दोन दिवस राहिली. तिनं नि कारभारणीनं मिळून थोरल्याला प्रश्न विचारले. कर्ज किती वर्षांचं? त्याला काही झालं तर हप्ता कोण भरणार, कर्जावर विमा आहे का? भाडेकरू सहा महिने नाही मिळाला तर? जी विहीर राहते तिला जायची वाट खरेदीखतात लिहिली आहे का? दोन एकराची ज्वारी गेली तर वर्षाला किती विकत घ्यावी लागेल, हे धरलंय का हिशोबात? शेवटचं त्यानं धरलं नव्हतं.

बँकेचे कागद तो घेऊन आला होता, चाळीसेक पानं, सगळी इंग्रजीत. कारभारणीनं ती चाळली, घडी केली आणि त्याच्या हातात परत दिली. मराठीत लिहून आण म्हणाली. गेले तीन आठवडे तो ते लिहितो आहे.